तपासणीला मीच नेणार

४ मार्च, सकाळ
गोड बातमी कळली. ठरवून टाकलं, दर तपासणीला बायकोला मीच नेणार. बाबांनी आईला कधी डॉक्टरकडे नेलं नाही, हे आई अजून ऐकवते. मी तसला नवरा नव्हे.

११ एप्रिल
तपासणी हुकली. आता ड्रायव्हिंग स्कूल माझं, शिकाऊ माझे. बँक मॅनेजरला रिव्हर्स जमेना, त्याला भर चौकात सोडून येऊ? बायको आणि आई बसने गेल्या. रात्री बायको म्हणाली, घरची गाडी दारात धूळ खातेय, मीच चालवते. लायसन्स आहे तिच्याकडे. पण या दिवसांत? नाही म्हणजे नाही. मी स्त्रियांच्या बाजूचा आहे, म्हणून तर काळजी. आईलाही पटलं. म्हणाली, खरंय, तिने नकोच चालवायला.

६ जून
प्रेशर वाढलंय म्हणे. डॉक्टरबाईंनी लवकर लवकर बोलावलंय. मी लगेच दवाखान्यापर्यंत ट्रायल घेतली. खड्डे, सिग्नल, सगळं पाठ. कौतुकाने घरी सांगायला आलो तर कोणी नाही. तपासणी आजच होती. दोघी बसस्टॉपवर उभ्या होत्या म्हणे, मी हॉर्न देत पुढे गेलो. गाडी चालवताना इकडेतिकडे बघायचं नसतं, हे यांना कोण सांगणार.

२० जून, सकाळ
नुसता वैताग. बायकांच्या बॅचसाठी ठेवलेल्या मॅडम रोज पहाटे गाडी नेतात, पेट्रोलचा नुसता धूर. शिकाऊ कोण विचारलं, तर एक म्हातारी. सोबतीला कोणी पोटुशी बाई, ती मागे बसून धीर देते. या वयात गाडी! घरचे लोक झोपा काढतात का? वर मला सकाळचा चहा मिळत नाही. सासू-सुना फिरायला जातात. जाऊ दे, चालणं चांगलं असतं.

१ ऑगस्ट
मॅडमची म्हातारी परीक्षेत पास. बँक मॅनेजर पुन्हा नापास. श्रेय अर्थात स्कूलचं.

१९ ऑगस्ट, सकाळ
आज दुपारच्या तपासणीला नक्की. बायकोला शब्द दिलाय. तिने आईकडे बघितलं, म्हणजे खूश असणार.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
धडा चालू असताना फोन बंद, नियम माझाच. मॅनेजरने चढावर गाडी बंद पाडली. खाली येऊन फोन लावला तर आईचे कॉलवर कॉल. बायकोचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी. तसाच दवाखान्यात पोचलो. खोटं कशाला लिहू, फार घाबरलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेवर आणलं म्हणून बरं. मी मान डोलावली. मग बाहेर घरची गाडी दिसली, सरळ रेषेत लावलेली. किल्ली आईच्या हातात होती.

२१ ऑगस्ट
घरी सोडलं. बाळ ठीक, प्रेशर आटोक्यात. मी किल्ली मागितली. आई म्हणाली, तू बस मागे. बसलो. गाडी छान चालवते, हे कबूल करायला जड गेलं. वाटेत बायकोने सांगितलं, पुढची तपासणी गुरुवारी आहे. मला नाही, आईला.