खुर्चीला जुंपलेला हस्की

२ मार्च
आज हस्की आणला. निळे डोळे, राजबिंडा. नाव ठेवलं साहेब. बायको म्हणाली, हे बर्फात गाडी ओढणारं कुत्रं, तीन खोल्यांत कसं मावणार? मी म्हटलं, प्राणी शेवटी मालकावर जातो. मी शांत, तोही शांत होईल.

३ मार्च
शांत आहे. सोफ्याची एक उशी फाडली, पण फाडताना अजिबात भुंकला नाही.

५ मार्च
हस्की भुंकत नाही, गळा काढतो. घरून मीटिंग चालू होती. मॅनेजर हळव्या आवाजात म्हणाले, घरात काही वाईट झालंय का? मी तोंड उघडायच्या आत आठवड्याची रजा मंजूर. घेतली. सगळा वेळ ट्रेनिंगला देणार.

६ मार्च, पहाट
धावायला गेलो. म्हणजे तो धावला, मी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होतो. दूधवाला म्हणाला, काका, कोण कोणाला फिरवतंय? दुर्लक्ष केलं. घरी येऊन मी आडवा झालो. साहेबाने उरलेला सोफा संपवला.

बायकोने निर्वाणीचं सांगितलं, रविवारपर्यंत सुधारला नाही तर आणला तिथे परत. या गाढवाचा मला भयंकर लळा लागलाय. पण रविवार लांब आहे.

८ मार्च
जबरदस्त आयडिया! याच्या रक्तातच ओढणं आहे, तर ओढू दे. माझी ऑफिसची चाकांची खुर्ची पार्किंगमध्ये नेली, साहेबाला जुंपलं, हेल्मेट घालून बसलो. चल म्हटलं. तो बसला. बिस्किट दाखवलं. खाऊन झोपला. सगळी बिल्डिंग गॅलरीत. मी खुर्चीत, ताठ. तेवढ्यात समोरून मांजर गेलं.

८ मार्च, दुपार
प्रयोग यशस्वी. वेग अपेक्षेपेक्षा चांगला. उजवा हात प्लास्टरमध्ये, हे डाव्या हाताने लिहितोय. खुर्चीची बरीच चाकं सापडली.

९ मार्च
सासरे मला बघायला आले. निवृत्त पोस्टमन, पायांना अजून चैन नाही. जरा कोपऱ्यापर्यंत जातो म्हणून साहेबाला घेऊन गेले, ते थेट जेवायच्या वेळी उगवले. साहेब दारातच घोरायला लागला. चपलांकडे ढुंकून पाहिलं नाही! सासरे म्हणाले, नोकरीभर कुत्र्यांनी मला पळवलं, आता वसूल करतोय. माझं ट्रेनिंग उशिरा का होईना, लागू पडतंय.

१० मार्च, रविवार
जिंकलो! साहेब राहणार. बायकोने स्वतः जाहीर केलं. अट एकच, सासरेही राहणार. कायमचे. माझ्या कामाच्या खोलीत, कारण खुर्ची नाहीतरी मोडलीच आहे. मी हॉलमध्ये काम करायचं, सोफा होता तिथे. भरपूर जागा आहे.

मोठ्या मनाने सासऱ्यांना म्हटलं, उद्या पहाटे साहेबाला फिरवायला मीही येतो तुमच्याबरोबर. सासऱ्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बायकोला म्हणाले, जावईबापूंना सवय नाही गं, पट्टा लावून न्यावं लागेल.