देठापाशी उघडी कड

३ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळे चुरचुरतात म्हणून पत्रं हातानंच लिहायची, हा हट्ट तुझा. तेव्हा माझं अक्षर लागलं नाही तर कुरकुर करू नकोस.

बातमी अशी की आमच्या प्राचार्यांनी माझा वनस्पतीशास्त्राचा वर्ग यंदापासून ऑनलाइन केला. जन्मभर फळ्यासमोर उभी राहिले, आता जेवणाच्या टेबलाशी बसून लॅपटॉपशी बोलते. पहिल्या दिवशी 'पान' या विषयावर तासभर जीव तोडून शिकवलं. शेवटी मान वर केली तर निम्म्याहून अधिक पोरं केव्हाच पसार झालेली! जी उरली त्यांना चेहरे नाहीत, नुसते करड्या रंगाचे गोल. वर्गात कुणाच्या कपाळाला आठी पडली की गाडी कुठे अडली ते मला कळायचं. गोलाला आठी पडत नाही गं.

कॉलेजांना असले कोर्स बांधून देण्यावरच तुझं पोट आहे. वेण्या घालून, कान पिळून मी तुला शिकवलं, आता तू मला शिकव.

तुझ्या खोलीत वाळवलेल्या पानांचे गठ्ठे ठेवलेत, पण पलंग मोकळा आहे. या सुट्टीत येतेस का ते कळव. फोनवर हे विचारलं की नेमकी तुझी मीटिंग सुरू होते.

लोभ आहेच, तो कधीतरी समोर बसून करावास.

तुझी,
ताई


१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या त्या पहिल्या तासाचं रेकॉर्डिंग पाहिलं. रागावू नकोस, पण मलासुद्धा मध्येच उठून चहा टाकावासा वाटला. पोरं उनाड नाहीत. वर्गातून उठून जायची लाज वाटते, घरात कसली लाज? शिवाय पाव तास तू कागदावरचं वाचून दाखवतेस. ते त्यांचं त्यांना वाचता येतं.

कोर्सचे लहान लहान तुकडे कर. एका तुकड्यात एकच गोष्ट. आज फक्त देठ, उद्या फक्त शिरा. प्रत्येक तुकड्यानंतर त्यांच्या हाताला काहीतरी काम दे, नाहीतर तुझं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडतील. आठवड्यात काय काय व्हायचंय ते सोमवारीच सांगून टाक. आणि जे काम येईल त्यावर स्वतः दोन ओळी लिही. आमच्याकडे हे मशीन करतं, सगळ्यांना सरसकट 'छान प्रयत्न!' पोरांना ते बरोबर कळतं.

महत्त्वाचं राहिलंच. सगळ्यांशी बोलू नकोस. कुणीतरी एकच माणूस समोर बसलाय असं धर आणि त्याच्याशी बोल. ऐकणाऱ्या प्रत्येकाला मग वाटतं की तो मीच.

सुट्टीचं बघते. नवीन काम अंगावर येऊन पडलंय. पलंग मोकळा आहे हे वाचून बरं वाटलं, मग तेवढीच ओळ पुन्हा वाचली.

रागावलीस तरी चालेल, लोभ कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी


२० जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी तुझ्या पत्राचा राग आला, मग ते टेबलावर उघडं ठेवून एकेक गोष्ट केली. पोरं टिकलीत! प्राचार्य मला जिन्यात थांबवून म्हणाले की काय जादू केलीत. मी म्हटलं, आमच्या घरात एक तज्ज्ञ आहे, फक्त ती घरात नसते.

एकच माणूस धरायचा म्हणालीस. कुणाला धरू? टेबलापलीकडे तुझी खुर्ची रिकामीच असते, तिलाच धरलं. आई गेल्यापासून त्याच खुर्चीत बसवून तुझा अभ्यास घेतला, त्यामुळे तोंडालाही वळण तेच. परवा शिरांबद्दल सांगता सांगता, पेन्सिल चावू नकोस, असं निघून गेलं. प्राचार्य म्हणाले की कापून टाका, बरं दिसत नाही. मी कापणारच होते, तोवर एका मुलीनं कळवलं की तिनं दचकून पेन्सिल तोंडातून काढली. मग राहू दिलं.

हाताला काम म्हणून घराजवळचं एक पान आणून त्याचं चित्र काढायला सांगितलं. कुणी गच्चीतल्या कुंडीतलं आणलं, कुणी दवाखान्याच्या आवारातलं, एका बहाद्दरानं तर भाजीच्या पिशवीतलं. प्रत्येकाला दोन ओळी लिहिते. हात मोडून येतो, पण मजा येते.

कॉलेजनं कोर्स बाहेरच्यांनाही खुला ठेवलाय. त्यात एक विद्यार्थी आहे, नावाच्या जागी नुसतं 'शेवटचा बाक' लिहितो. चेहरा नाही, आवाज नाही, पण काम चुकवत नाही. त्याचंही पान आलं. शिरा आधी काढलेल्या, कड मागाहून, आणि देठापाशी कड जोडलेलीच नाही, उघडी. शेरा लिहायचा सोडून ते चित्र मोठं करकरून पाहिलं.

तुझं सुट्टीचं बघून झालं का?

आठवण मी काढतेच, उत्तर तू धाड.

तुझी,
ताई


८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं कौतुक वाचून ऑफिसात एकटीच हसत होते. खुर्चीशी बोलण्याची युक्ती माझ्या वरिष्ठांना सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली. कुणाची खुर्ची ते मी सांगितलं नाही.

त्या शेवटच्या बाकाचं काय घेऊन बसलीस? नाव न सांगणाऱ्यांचे फार लाड करू नयेत. असेल कुणीतरी रिकामटेकडं.

आमच्या ऑफिसच्या खिडकीबाहेर एक झाड आहे. आल्यापासून ते माझ्यासाठी नुसतं झाड होतं. परवा जेवणाच्या सुट्टीत खाली उतरले, एक पान घेतलं आणि उन्हात धरून शिरा बघत बसले. शेजारी बसणाऱ्या बाईंनी विचारलं की काय हरवलंय. मी काही नाही म्हटलं, पण ते खोटं होतं. तुझी फार आठवण येते, ताई. इथे दिवस कामात जातो, आणि संध्याकाळी कुणी कान पिळायला नसतं.

सुट्टीचं या महिन्यात जमेलसं दिसत नाही. पुढच्यात बघते.

कान पिळायचा हक्क राखून ठेव.

तुझी,
भिंगरी


२ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कोर्स या महिन्याअखेर संपतो. पोरांनी घेवड्याच्या बिया रुजवल्यात. आपापलं रोप कॅमेऱ्यासमोर धरून प्रत्येकानं माझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, हीच परीक्षा. आता बहुतेकांचे चेहरे दिसतात. एकाला तर अगदी प्राचार्यांसारखी आठी पडते.

शेवटच्या बाकाला मात्र प्रत्यक्ष हजर राहावं लागेल. हा नियम कॉलेजचा नाही, माझा आहे.

अगं वेडे, मी तुला पहिल्याच पानाला ओळखलं. जगात कुणीही पान काढताना कड आधी काढतं. शिरा आधी काढून देठापाशी कड उघडी ठेवणारी मुलगी मी एकच पाहिली. शाळेत असताना तुला त्यावरून किती रागावले होते! तेव्हा तू म्हणाली होतीस, दार लावून घेतलं तर झाडातलं पाणी आत कसं येईल? शास्त्रात हे चूक आहे, तेव्हाही होतं. गुण कापलेत.

ओळखूनही गप्प बसले, कारण बोलले असते तर तू मीटिंगचं निमित्त काढून तिथूनही पळाली असतीस. मग शिकवत राहिले. शिरांचा तुकडा तू पुन्हा पुन्हा बघतेस तेही इथे लॅपटॉपवर दिसतं, ही सोय तुमच्याच लोकांनी केली ना? त्याच तुकड्यात पेन्सिलीचं आहे. ते कळलं तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

पण कोर्स संपला की रिकाम्या खुर्चीशी मी काय बोलू? तू बघते बघते म्हणतेस आणि मी वाट बघते. मला आता हे सोसवत नाही. ये.

लोभाला अंतर चालतं म्हणतात, मला चालत नाही.

तुझी,
ताई


१४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं. वर गेले आणि थेट रजा मागितली. वरिष्ठ म्हणाले, घे की! इतकं सोपं होतं ते. यायला जितका उशीर होत गेला तितकी तुला तोंड दाखवायची लाज वाटू लागली, आणि मी त्या लाजेला काम म्हणत राहिले.

फोनवर तू एकच विचारतेस आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नसतं. वर्गात तू विचारायचीस त्याची उत्तरं मला यायची. म्हणून तिथे येऊन बसत होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पोहोचते. रोप मांडीवर घेऊन येते आहे, दोन पानं फुटलीत. गुणांचं भांडण समोरासमोर करू, कारण कड मी अजूनही जोडणार नाही.

पलंगाआधी ती खुर्ची पूस. आणि मी तिच्यात बसेन तेव्हा रेकॉर्डिंग बंद ठेव.

लोभ घेऊन येते, पत्रात घालत नाही.

तुझी,
भिंगरी