हरणीची घुंगरमाळ

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

मौजे टाकळी, तालुके मोमिनाबाद
मार्गशीर्ष वद्य ३, शके १८४५

चि. सौ. शिवकन्या हिला आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे असं आधी लिहायची रीत, म्हणून लिहिलं. ज्वारी निसवली, गायीला कालवड झाली. तलवाड्याची तुमची मंडळी सुखात असतील. पत्र मास्तरांकडून लिहून घेतलं नाही. माझ्या आप्पांनी लहानपणी शिकवलेल्या वाकड्या अक्षरांवर भागवते आहे. काही गोष्टी मास्तरांना सांगायच्या नसतात.

तुझ्या आबांचे डोळे पोळ्यालाच गेले होते, दसऱ्यापासून अंथरूणही धरलंय. सोप्यात भिंतीशी पडून असतात, पलीकडे तबेला. हरणीनं चाऱ्याला तोंड लावलं की तिच्या गळ्यातली घुंगरमाळ वाजायची. ती ऐकून विचारायचे, "खाल्लं का तिनं?" मी "खाल्लं" म्हटलं की मग भाकरीकडे हात. घोडीआधी स्वारानं जेवू नये हा त्यांचा जन्माचा नेम. आणि त्यांच्याआधी मी कशी जेवणार? म्हणजे घरात आधी घोडी, मग धनी, मग मी.

तू जन्मलीस तेव्हा ते माळेगावच्या यात्रेत. बाराव्या दिवशी उगवले ते शिंगरू घेऊन. आधी मला त्याच्या कपाळावरचा केसांचा लाभाचा भोवरा दाखवला, मग तुझं तोंड पाहिलं. तीच ही हरणी. सवत माणूस असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या! दिवसभर "हरणे, हरणे" चालायचं. माझं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. "अगं", "ऐकलं का", फार तर "शिवकन्येची आई". रीतच ती. पण रीत आहे म्हणून वाईट वाटत नाही असं थोडंच आहे?

आता लिहूनच टाकते. हरणी दिवाळीत गेली, पोटफुगीनं. आबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी अन्न सोडलं असतं. तबेला सांभाळणाऱ्या मोतद्दार शहादेवला म्हटलं, तू माळ वाजव. तर तो माळ हातात घेतली की रडतो. म्हणून रोज सकाळी मीच रिकाम्या गव्हाणीपाशी उभी राहून माळ हलवायची, मग सोप्यात येऊन "खाल्लं" म्हणायचं. ते जेवायचे. जिच्यावर जन्मभर जळले तिचंच सोंग घेऊन मी नवऱ्याला जगवत होते, बाई. आणि तिच्यासाठी रडलेही, हे तुलाच सांगते.

परवा म्हणाले, "तिला हिकडं आन. कपाळ चाचपू दे."

काय करणार? माळ वाजवत गेले आणि माझंच डोकं त्यांच्या हाताखाली धरलं. बोटं भोवरा शोधत फिरली, मेणाच्या कुंकवावर थांबली. वाटलं, आता ओरडतील.

"मनकर्णे, लई थकलीस गं," म्हणाले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं, आणि मी ओ द्यायला विसरले.

मग म्हणाले, "मला पैल्याच दिशी कळलं. घोडी मान झटकती तवा माळ आशी वाजत न्हाई. तू येवढी राबतीस म्हनून खात व्हतो. आता घास उतरत न्हाई. पुरं कर."

तेव्हापासून नुसत्या पाण्यावर आहेत. वैद्यबुवा नाडी बघून पुडी न देताच गेले. आज सकाळी सवयीनं मी पुन्हा गव्हाणीपाशी जाऊन माळ वाजवली. सोप्यातून कुणी काही विचारलं नाही.

तू लगेच ये. जावईबापूंना सांग, बैलगाडी जोडा, घोडा आणू नका. दारात टापा वाजल्या तर ते मान उचलतील, ते मला बघवायचं नाही.

आजवर पत्राखाली नुसतं "तुझी आई" लिहीत आले. आज नावही लिहिते.

तुझी आई,
मनकर्णा