मी सांगितला नाही तो अर्थ

प्रिय बडबडे,

गुडघ्याचं विचारलं होतंस. जिना चढताना कुरकुर करतो, बाकी ठणठणीत आहे. निवृत्त झाल्यापासून सकाळी वेळच वेळ असतो. चहा होतो, पेपर वाचून होतो, तरी नऊसुद्धा वाजलेले नसतात. मग नको नको ते आठवत बसते.

आपला खोक्यांचा कारखाना आठवतो. तू चिकटवणीत, मी स्टोअरमध्ये कारकून. जेवणाच्या सुट्टीत गोदामामागच्या पायऱ्यांवर डबा संपला की तू माझ्याकडून इंग्रजी शिकायची वही काढायचीस. ‘गो’ या एका शब्दाने तुझी तीन पानं खाल्ली होती. “दूध नासलं तरी ‘गॉन ऑफ’ आणि गजर वाजला तरी ‘वेंट ऑफ’? मग चालू कशाला म्हणायचं आणि बंद कशाला?” असं विचारून तू ठसका लागेपर्यंत हसायचीस. ‘हॅव अ गो’ म्हणजे करून बघ, हे तर तुला अजिबात पटलं नव्हतं. करायला सांगायचं आणि म्हणायचं जा! “हा शब्द आहे का भाडेकरू? दर महिन्याला नव्या घरात!” म्हणालीस. मला मास्तरीण म्हणायचीस. ते मला फार आवडायचं. कधी बोलले नाही एवढंच.

आता त्या शुक्रवारचं लिहिते. मुख्य कचेरीतून नवे साहेब आले होते. त्यांना आपली भाषा येत नव्हती, म्हणून दुभाषी मी. सहा जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. कशासाठी, ते मला सकाळपासून ठाऊक होतं. यादी मीच टाइप केली होती. पहिल्या तिघांना मी शब्द न् शब्द नीट सांगितला. तिसरा तो छपाईतला म्हातारा. त्याने साहेबांकडे पाहिलंच नाही, माझ्यापुढे हात जोडले. जणू मीच त्याला काढत होते. चौथी तू आलीस.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तू सोमवारपासून पंधरा दिवसांची रजा मागितली होतीस, अर्ज मीच लिहून दिला होता. साहेब म्हणाले, सोमवारपासून ‘वी हॅव टू लेट यू गो’. मी तोंड उघडायच्या आत तुझा चेहरा उजळला. “जाऊ देताहेत ना? सोमवारपासून?” तुला सगळे शब्द कळले होते, एकेकटे. मी नुसती होकाराची मान हलवली. तू साहेबांना “थँक्यू सर” म्हणालीस. तू गेल्यावर ते मला म्हणाले, फार धीराची बाई आहे. तेही मी तुला कधी सांगितलं नाही.

तेव्हा जिभेला कुलूप लागलं, एवढंच असतं तर मी स्वतःला कधीच माफ केलं असतं. पण उरलेल्या दोघांचं आटोपून मी बाहेर आले, तर तू माझ्या टेबलाशी थांबली होतीस. पलीकडच्या कारखान्यातल्या सुपरवायझरबाईंनी तुला त्यांच्याकडे कामाला बोलावलं होतं, संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. “इतक्या अडचणीत सुट्टी दिली साहेबांनी, आता त्यांना कशी सोडू?” म्हणालीस आणि माझ्या टेबलावरचा फोन उचलून नकार कळवलास. मी समोर बसून पावत्यांना टाचण्या लावत होते. तुझं बोलणं संपेपर्यंत पाच-सहा लावल्या असतील. एक हात पुढे करून फोन ठेवायला लावायचा होता. नाही केला.

कामावरून काढल्याचा कागद टपालाने आला आणि तुझ्या बंद घरात दाराखाली पडून राहिला. तू गावाहून थेट कामावर आलीस. रखवालदाराने फाटकात अडवलं. मी स्टोअरच्या खिडकीतून पाहिलं, खाली आले आणि म्हणाले, “साहेब फिरले गं. मी खूप भांडले.” तू माझीच पाठ थोपटलीस. पुढे दोन वर्षं तू लोकांच्या घरचे जिने पुसलेस आणि भेटलीस की सांगायचीस, माझ्यासाठी एकच माणूस भांडलं. मी ऐकून घ्यायचे. चहा ओतायचे.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. इस्पितळात दुभाषी म्हणून तिची निवड झाली, उद्यापासून हजर होणार. फार आनंद झाला गं. म्हणाली, “मावशी, आई सांगते तुमच्यासारखं काम कर. काहीतरी कानमंत्र द्या ना.” मी ‘रात्री सांगते’ म्हटलं आणि फोनच बंद करून ठेवला. तिच्यापुढे माणसं येतील, डॉक्टर काही वाईट सांगतील, आणि समोरचा चेहरा उगाच उजळेल. तेव्हा काय करायचं, ते मला सांगता येईल. पण आधी तुला सांगितल्याशिवाय ते तोंडातून निघेना. म्हणून हे पत्र शेजारच्या मुलीच्या हाती आत्ताच पाठवते आहे. ‘लेट गो’ म्हणजे कामावरून काढणं. मला तेव्हाही माहीत होतं. तुला सांगायला अकरा वर्षं लावली. पत्र लेकीला वाचायला द्यायचं का, तू ठरव. दिलंस तर आजच दे.

तुझीच,
मास्तरीण