कनातीच्या मागे

बाबा, परवा मी हिंगणीला एका लग्नाला गेले होते. मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंच्या पुतण्याचं लग्न. सकाळी अकराची वरात, मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत, पुढे डीजेची गाडी. मी बायकांच्या घोळक्यात पदर सावरत चालले होते आणि गाडीवर एक जुनं मिक्स लागलं. पहिल्या चार ठोक्यांतच मी ओळखलं. ते चार ठोके मी आपल्या सावंगीच्या घरात, मागच्या खोलीत, आवाज मध्ये येतो म्हणून कूलर बंद करून, मे महिन्याची एक अख्खी दुपार घामात भिजत बसवले होते. मग तो जाड पुरुषी आवाज आला, घुमत घुमत: दादाच्या नावाआधी डीजे, नावानंतर वर्धा. शेजारच्या बाई म्हणाल्या, "जुनं हाय, पन असं आता कोनी बनवत नाई." मी नुसती मान हलवली. घरी आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला तुमचा अजून राग येतो. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना गोड बोलावं लागणार नाही.

तुम्ही मला शिकवलं नाही म्हणून राग असता तर सोपं होतं. पण शिकवलं तुम्हीच. मी सातवीत होते तेव्हा आपलं दुकान म्हणजे कॅसेटी भरून देण्याचं दुकान. लोक कागदावर आवडीची गाणी लिहून आणत, आपण दोन खणांच्या डेकवर ती एकामागे एक उतरवून देत असू. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण त्याला दहा मिनिटं एका जागी बसवत नसे. मी बसायची. एकदा कॅसेटची बाजू संपत आली म्हणून मी एका गाण्याची शेवटची ओळ कापली. तुम्ही ती कॅसेट ऐकली, सगळी पुसली आणि मला पहिल्यापासून पुन्हा भरायला लावली, उभ्यानं. "गानं मधीच तोडलं तं आयकनाऱ्याले ठेच लागते. गानं जिथं श्वास घेते तिथं सोडजो," असं म्हणालात. मी रडले नाही. माझ्या हातून झालेली चूक कोणाला तरी इतकी मोठी वाटते, याचाच मला आनंद झाला होता. तेव्हा मी तुमच्यावर खूष होते, बाबा. म्हणूनच पुढचं इतकं लागलं.

कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, तुम्ही कॉम्प्युटर आणलात. "दादासाठी" असं सगळ्यांना सांगितलंत. तो त्यावर पत्ते खेळायचा. मेडिकलला शिकणारी एक परप्रांतातली मुलगी त्या दिवसांत दुकानात आली, तिला ग्रुप डान्ससाठी न थांबणारं अर्ध्या तासाचं मिक्स हवं होतं. तिनं आपल्याबरोबर एक सीडी आणली होती, त्यात गाणी जोडायचं सॉफ्टवेअर. पडद्यावर दोन तबकड्या, दोन्हींना आपापली वेग कमी-जास्त करायची पट्टी, वर मिनिटाला किती ठोके पडतात त्याचा आकडा. तिनं मला तासाभरात सगळं दाखवलं आणि जाताना म्हणाली, "कान से मिलाना, नंबर से नहीं." ते वाक्य मला पुढं किती पुरलं हे तिला कधी कळणार नाही. नवी गाणी मशिनवर बनलेली, त्यांचा आकडा खरा असतो. पण लग्नात जुनी गाणी लागतातच, आणि ती हाडामांसाच्या माणसांनी वाजवलेली. रंगात आले की त्यांचा हात पुढे पळतो, अंतऱ्यापर्यंत पडद्यावरचा आकडा खोटा पडतो. एक गाणं बाहेर वाजत असतं, दुसरं फक्त माझ्या कानात, आणि कानातल्याला बोटानं हळूहळू मागे ओढत, पुढे ढकलत बाहेरच्याच्या पावलावर पाऊल ठेवायला लावायचं. केसाएवढं चुकलं तरी एका टांग्याला दोन चालींचे घोडे जुंपल्यासारखं होतं. सहा महिन्यांत माझं चुकेनासं झालं. मी घरी मिक्स बनवायची, सीडीवर उतरवायची, आणि दादा कार्यक्रमात ती सीडी लावून मागे उभा राहायचा, काळा चष्मा घालून, एक हात हेडफोनवर. इथवर मला काही वाटत नव्हतं. कॉम्प्युटर घराबाहेर न्यायला लागलो तेव्हाही त्यावर माझंच तयार मिक्स वाजायचं.

मग कॉलेजच्या पोरांचं ते लॉनवरचं स्नेहसंमेलन. भर दुपारी लोडशेडिंग सुरू झालं, जनरेटर लागेपर्यंत कॉम्प्युटर बंद पडला, आणि पुन्हा चालू केला तर माझं मिक्स उघडेना. दोनशे पोरंपोरी उभी, आणि दादाला दोन गाणी जोडता येत नव्हती. तुम्ही दुकानाच्या फोनवर मला बोलावलंत. मी हातातलं टाकून धावत आले, मागच्या बाजूनं. दादा घामानं निथळत होता. मी म्हटलं, सरक, मी उभी राहते. तेव्हा तुम्ही मांडवाचं सामान देणाऱ्या बिछायतवाल्याकडून एक कापडी कनात मागून घेतलीत, टेबलाच्या भोवती पुढून आणि दोन्ही बाजूंनी आडवी बांधलीत, कॉम्प्युटर खाली सतरंजीवर उतरवला आणि मला म्हणालात, "इथं बस. भाइर नको येजो. पोट्टी गाने वाजवून राह्यली हे लोकाइले दिसू नये."

मी बसले. कनातीच्या वर दादाची छाती आणि डोकं, खाली मी. दीड तास वाजवलं, एकही तयार मिक्स न वापरता. आजही मला त्यातला प्रत्येक जोड आठवतो. लोक दिसत नव्हते, म्हणून मी जमिनीवरून येणाऱ्या धमधमीवर अंदाज बांधत होते: आता दमलेत, आता थोडं खाली आणावं, आता पुन्हा वर. शेवटी पोरांनी दादाला खांद्यावर घेतलं. कनातीच्या फटीतून मला त्याच्या चपला दिसल्या, हवेत. तुम्ही तिथंच उभे राहून कोणाला तरी सांगत होतात, पोराचा हात आता बसला म्हणून.

त्यानंतर ती कनात आपली स्वतःचीच झाली. चार सिझन मी तिच्या मागे बसले, बाबा. सेलूला, हिंगणीला, पार तळेगावपर्यंत. वरात असली की मेटॅडोरच्या मागच्या भागात, चारी बाजूंनी कापड लावून. एप्रिलचं ऊन, शेजारी जनरेटर, पाठीला बेसच्या स्पीकरचे डबे. कॉम्प्युटर तापून बंद पडायचा म्हणून तुम्ही एक टेबलफॅन बसवलात. तो तुम्ही स्वतः लावायचात आणि त्याचं तोंड सीपीयूकडे असायचं. मी एकदा तो माझ्याकडे थोडा वळवला तर तुम्ही येऊन पुन्हा सरळ केलात. तुम्ही दुष्ट नव्हतात, मला माहीत आहे. कॉम्प्युटर बंद पडला असता तर वरात थांबली असती. मी बंद पडेन असं तुम्हाला कधी वाटलंच नाही.

आता ती स्वयंपाकघरातली गोष्ट. आई बाहेर वाळवण घालत होती, मी पोळ्या लाटत होते. तुम्ही नागपूरहून आलात आणि सरळ आत येऊन पिशवीतून एक हेडफोन काढलात. मोठा, मऊ गाद्यांचा, खऱ्या डीजेवाल्यांचा असतो तसा. तांदळाच्या डब्यावर ठेवलात. "हे तुह्यासाठी. दादाचा हलका हाय, त्यात तुले बरोबर आयकू येत नसन." माझे हात पिठाचे, म्हणून तुम्हीच तो माझ्या डोक्यावर चढवलात आणि मागे सरकून पाहिलंत, माप बरोबर बसलं का ते. मला इतका आनंद झाला की त्या आनंदात मी विचारून टाकलं, "बाबा, मंग माहं नाव काऊन नाई?" तुम्ही माठातलं पाणी घेतलंत, प्यायलात, पेला धुऊन पालथा ठेवलात. मग म्हणालात, "तुह्या नावानं काम येत नाई, बाई. नाव त्याचं राहू दे, हात तुहा. घर तं एकच हाय."

बाबा, याच्यावर मी वीस वर्षं जळते आहे. तुम्हाला कळत नसतं, तुम्हाला खरंच वाटलं असतं की दादाच वाजवतो, तर मी तुम्हाला भोळे म्हटलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण कोणाच्या कानाला चांगला हेडफोन लागतो ते तुम्हाला बरोबर माहीत होतं. त्याच नागपूरच्या फेरीत तुम्ही एका जाड आवाजाच्या माणसाकडून दादाचं नाव रेकॉर्ड करून आणलं होतं. एका पिशवीत दोन वस्तू आणल्यात तुम्ही: माझ्यासाठी हेडफोन, त्याच्यासाठी नाव. आणि ते नाव प्रत्येक मिक्समध्ये मीच बसवलं, कारण दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. गाणं जिथं श्वास घेतं तिथं, तुम्ही शिकवलं होतं तसं. त्या सीड्या कुठून कुठे गेल्या, कोणी कोणी उतरवून घेतल्या, कोणाला ठाऊक. परवा हिंगणीत वाजली ती त्यांतलीच.

माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही सोयऱ्यांना सांगितलंत, मुलगी कॉम्प्युटर शिकलेली आहे, टायपिंग चांगलं करते. टायपिंग मला येत नव्हतं. लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या वरातीत माझंच मिक्स वाजत होतं, मीच आदल्या आठवड्यात हळद लागायच्या आधी बनवून दिलेलं. मी आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसले होते. माझ्या मावशीनं खिडकीतून पाहून सांगितलं, पोरगा काय वाजवून राह्यला पाहा, बहिणीच्या लग्नात जीव ओतून राह्यला. दादा पुढे कधी वाजवू शकला नाही हे तुम्ही पाहिलंतच. दोन सिझन जुन्या सीड्यांवर काढले, मग गाडी विकली, आता तो मोबाइल दुरुस्त करतो आणि त्यात सुखी आहे. मागच्या दिवाळीत मला म्हणाला, लॉनवर पोरांनी उचललं त्याच दिवशी मी बाबाले म्हटलं होतं कनात काढा म्हणून. तुम्ही त्याला गप्प बसवलंत. म्हणजे तोही कनातीच्या पुढे बांधलेलाच होता. तुमच्यावर माझा राग होता तो त्या दिवशी दुप्पट झाला.

मी आता शाळेत कॉम्प्युटर शिकवते. घरी लॅपटॉप आहे, मिक्स करायचा एक छोटा कंट्रोलर घेतला आहे, रविवारी दुपारी वाजवते. नवरा ऐकतो, मुलगी म्हणते जुनाट आहे. मनात होतं की हे सगळं लिहून दादाला वाचायला द्यावं. देणार नाही, कारण पुढचं त्याला माहीत नाही, आणि कळावं असं मला वाटत नाही.

तुम्ही सावंगीच्या दवाखान्यात होतात, छातीचं दुखणं. डॉक्टर म्हणाले होते की आता बरं आहे. मी दुपारच्या बसनं आले. दादा औषधं आणायला खाली गेला होता आणि खोलीत आपण दोघंच. तुम्ही माझ्याकडे कूस वळवून म्हणालात, "बाई, तुह्या हातचं काई आयकव." तुम्ही ते पहिल्यांदा म्हणालात. तुह्या हातचं. मी तुमच्या डोळ्यांत न पाहता म्हटलं, "माह्याजवळ नाई. दादाले मांगा, त्याच्या नावाचं हाय ते." तुम्ही "बरं" म्हणालात आणि भिंतीकडे वळलात. तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

मोबाइल माझ्या पर्समध्ये होता, बाबा. त्यात सगळी मिक्सं होती. पर्स माझ्या मांडीवर होती.