सुधीरला कळवू नकोस

प्रिय आई,

सासूबाईंना पत्र लिहिताना ‘तीर्थस्वरूप’ने सुरुवात करायची, हे तुम्हीच मला शिकवलंत. आज तसं लिहवत नाहीये. मी रागावले आहे तुमच्यावर, आणि स्वतःवर त्याहून जास्त.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले होते. आता माझीही बोटं सुजतात. त्यांनी आधी सांधेदुखीच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि महिन्याभरात मला शौचाला काळं, डांबरासारखं झालं. मी ओळखलं, हे पोटातलं रक्त. त्याच सकाळी धावत गेले. पोटात लहानशी जखम निघाली, गोळी बंद झाली, निभावलं. डॉक्टर म्हणाल्या, “या गोळ्यांनी क्वचित होतं असं. पण तुम्ही इतक्या लवकर कसं ओळखलंत?”

मी काही बोलायच्या आत तुमचा सुधीर म्हणाला, “माझ्या आईला झालं होतं. पण तिचं एकदम झालं. कुणाला कळायच्या आतच गेली.”

आई, एकदम झालं होतं का हो ते?

तुम्ही मिरजेहून चंदीगडला आलात ते ऐन थंडीत. आपलं सरकारी क्वार्टर पहिल्या मजल्यावर, फरशी बर्फासारखी. तुमची बोटं इतकी आखडली की ब्लाउजचे हूक मी लावून द्यायची. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायचात. त्या वेळी एकदाही माझ्याशी बोलला नाहीत.

मग ती गोळी आली. आठ दिवसांत तुम्ही स्वतःचे हूक स्वतः लावून स्वयंपाकघरात आलात आणि दोन्ही हात पसरून म्हणालात, “बघ शैला!” किती हसलो होतो आपण!

डॉक्टरांनी गोळी पंधरा दिवसांसाठी दिली होती, जेवणानंतर घ्यायला. तुम्ही ती चार महिने घेतलीत. दुकानातून आणून कोण देत होतं? मीच. सोमवारच्या उपासालाही तुम्ही ती नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचात. मी टोकलं, तर म्हणालात, “उपासाला चालते गं. ती काय अन्न आहे?” आणि मी गप्प बसले. का बसले?

मग तो आठवडा. पंजाब पेटलेला. शहरात कर्फ्यू. हे टेलिफोन खात्याच्या कामासाठी मोग्याला अडकलेले. चारच दिवसांपूर्वी तिकडच्या रस्त्यावर बस थांबवून माणसं खाली उतरवली होती आणि गोळ्या घातल्या होत्या. रेडिओवरची ती बातमी आपण दोघींनी शेजारी बसून ऐकली. तुम्ही उठून रेडिओ बंद केलात.

सोमवारी सकाळी मी संडासात पाणी टाकायला गेले आणि ते काळं पाहिलं. विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “पालक खाल्ला ना काल.” पालक तर घरात आठ दिवसांत आला नव्हता! मंगळवारी तुम्ही भिंत धरून चालत होतात. ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, “ह्यांना फोन करते.” तुम्ही माझं मनगट पकडलंत. त्या दुखऱ्या बोटांत एवढा जोर कुठून आला होता?

“माझी शपथ आहे तुला. सुधीरला कळवू नकोस. कळलं तर तो मिळेल त्या बसमध्ये बसेल.”

“मग दवाखान्यात तरी चला.”

“कर्फ्यू उठू दे. एवढं काही नाही झालेलं.”

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. रिसीव्हर तुम्हीच घेतलात. “मस्त आहे मी. तू तिथनं हलू नकोस,” असं खणखणीत आवाजात म्हणालात. रिसीव्हर ठेवलात आणि तिथेच जमिनीवर बसलात. मी तुम्हाला धरून पलंगावर नेलं. ह्यांना फोन मात्र लावला नाही.

मला शपथेची भीती होती, की त्या बसची? इतकी वर्षं स्वतःला विचारतेय. खरं सांगू? मला माझा नवरा हवा होता. त्या दोन दिवसांत मी तुम्हाला एका पारड्यात आणि ह्यांना दुसऱ्या पारड्यात घातलं होतं. तुम्हीही तेच केलंत, पण तुम्ही आई होतात. तुम्हाला तो हक्क होता. मला होता का?

बुधवारी दुपारी तुम्हाला उलटी झाली. कॉफीच्या चोथ्यासारखी. मी खाली सुरिंदरजींकडे धावले. शाळेत शिकवायच्या त्या, स्वतः गाडी चालवायच्या. कर्फ्यूत दोन तासांची ढील होती, त्यातला जेमतेम अर्धा तास उरलेला. त्यांच्या नवऱ्यानं दारातूनच म्हटलं, “मत जाओ, रास्ते में नाका है.” सुरिंदरजींनी किल्ली उचलली. “बीजी मर जाएगी, जी,” एवढंच म्हणाल्या. तुम्हाला त्या बीजीच म्हणायच्या, आईसारखं.

तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नाक्यावर शिपायानं बंदुकीची नळी काचेला लावली. डिकी उघडायला लावली, सीटखाली पाहिलं, सुरिंदरजींना दोनदा नाव विचारलं. त्यांनी मागचं दार उघडलं. “बीमार है. देख लो आप.” त्यानं वाकून तुमच्या पांढऱ्या पातळावरचे डाग पाहिले आणि हात हलवला.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “दर्द की गोली खाती हैं? कब से?” मी सांगितलं. मग म्हणाले, “खून कब से जा रहा है?”

“सोमवार से.”

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

रक्ताची एक बाटली मिळाली. दुसरी आणायला कर्फ्यूत कोण जाणार होतं? तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि माझा पदर ओढलात.

“आता बोलव त्याला.”

मी दवाखान्यातून मोग्याला फोन लावला. हे मिळेल त्या बसनंच आले, आई. गुरुवारी दुपारी सुखरूप पोचले. तुम्ही सकाळीच गेला होतात.

ह्यांनी मला एकच विचारलं, “आधी काही त्रास होता का तिला?”

मी म्हटलं, “नाही. एकदम झालं.”

तो एक शब्द घेऊन मी त्यांच्याबरोबर म्हातारी झाले. पण डॉक्टरांसमोर तो ह्यांच्या तोंडून ऐकला आणि मला बसवेना. परवा दुपारी सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे सोमवारपासून?”

“हो.”

“मी रोज फोन करत होतो, शैला.”

“हो.”

ते चपला घालून निघून गेले. आल्यावरही दोन दिवस जेवणापुरतंच बोलले. आज सकाळी माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, “शेवटी तिनं मला बोलवलं होतं?”

“हो. ‘आता बोलव त्याला’ म्हणाल्या.”

ते रडले, आई. पंच्याहत्तरीचा माणूस, लहान मुलासारखा. मग म्हणाले, “मी निघालोच असतो त्याच दिवशी. ती मला बरोबर ओळखत होती.” मला माफ केलं की नाही, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तुमची शपथ मोडली म्हणून मी माफी मागणार नाही. ती पाळली, त्याची मागते.

आणि एक वचन देते. मला चक्कर आली, रक्त दिसलं, नुसतं पोट दुखलं, तरी पहिल्यांदा ह्यांना सांगेन. ते घाबरतील, चिडतील, भलत्या वेळी रिक्षा बोलावतील. बोलावू देत. ह्यांना जपायचं म्हणून मी ह्यांच्याशी पुन्हा खोटं बोलणार नाही.

तुमची सून,
शैला