हरकसिंगांना हवा स्टे

दिल्ली, मे १९८०

बाबूजी,

पायांवर डोकं ठेवते. ऊन फार आहे, पण मी वेळेवर जेवते. खोकलाही आता कमी आहे. गावी रानातली काफळं पिकली का?

तुमचे लाडके माजी खासदार हरकसिंग आज आमच्या वकीलसाहेबांकडे आले होते. संसदेने घटना कशीही बदलली तरी कोर्टाने तोंड उघडायचं नाही, यासाठी आणीबाणीत त्यांनीच हात वर केला होता. परवा कोर्टाने तो बदलच रद्द केला. कोर्ट म्हणालं, कायदे तपासण्याचा आमचा अधिकार हा घटनेचा कणा आहे, तो संसदेलाही काढून घेता येणार नाही.

आणि हे महाशय? निवडणूक हरून तीन वर्षं झाली, तरी सरकारी बंगला सुटत नाही. नोटीस येताच बालमिठाईचा डबा घेऊन हजर. "वकीलसाहेब, स्टे मिळवून द्या!"

साहेब म्हणाले, "कोर्टाचं दार तुम्हीच लावायला निघाला होतात ना?"

"अहो, ते इतर लोकांसाठी होतं!"

इतका कोडगा माणूस मी पाहिला नाही. अर्ज मलाच लिहावा लागला. दार सगळ्यांना उघडं ठेवायचं, तर असलेही आत येणारच. मिठाईला मात्र मी हात लावला नाही.

बैठकीतला त्यांचा फोटो आजच उतरवा. तिथे आईच्या म्हशीचा लावा. ती निदान दुसऱ्याच्या गोठ्यात ठाण मांडून बसत नाही.

तुमची चिडलेली लेक,
नंदी